डेकसर्व्हरच्या पेटीतील पीडीपी-११ : निर्लेखित यंत्राच्या पुनर्वाचनाचा एक पाठ

प्रत्येक शाळेत, कार्यालयात आणि कारखान्यात एक डेडस्टॉक रजिस्टर असते. एखादी वस्तू निरुपयोगी झाली की तिच्या नावापुढे 'निर्लेखित' असा शेरा मारला जातो आणि पुढच्या लिलावात ती भंगाराच्या गाडीत जाते. हा शेरा मारताना बहुधा वस्तूचे नाव पाहिले जाते. तिच्या आत काय आहे हे क्वचितच पाहिले जाते. नाव आणि अंतरंग यांत किती अंतर असू शकते, याचे एक बोलके उदाहरण संगणकाच्या इतिहासात आहे. ते म्हणजे अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजेच 'डेक', या कंपनीचा डेकसर्व्हर ५५०. जुन्या यंत्रांच्या अभ्यासकांनी भंगारात निघालेल्या या सर्व्हरमधून पूर्ण चालता मिनिकॉम्प्युटर उभा केला आहे. तो कसा, हे टप्प्याटप्प्याने समजून घेणे आणि त्यातून इतिहासाच्या विद्यार्थ्याला काय शिकता येते ते पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. मिनिकॉम्प्युटर म्हणजे काय?

१९५० च्या दशकात संगणक म्हणजे एक अख्खी खोली व्यापणारे, कोट्यवधींचे यंत्र असे. त्याला हात लावण्याचा अधिकार मोजक्या तंत्रज्ञांना होता. इतरांनी आपले काम कार्डांवर छिद्रे पाडून खिडकीतून आत द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घ्यायला यायचे, अशी रीत होती. ही रीत मोडण्यात डेकचा वाटा मोठा आहे. केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन यांनी १९५७ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील मेनार्ड या गावी, लोकरीच्या एका जुन्या गिरणीच्या इमारतीत ही कंपनी सुरू केली. भांडवल देणाऱ्यांचा त्या काळी 'कॉम्प्युटर' या धंद्यावर विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी आपल्या यंत्रांना 'प्रोग्रॅम्ड डेटा प्रोसेसर', म्हणजे 'पीडीपी', असे नाव दिले. यंत्राच्या नावामागे केवळ तांत्रिक कारण नसते, व्यवहाराचेही असते, हे येथेच लक्षात ठेवावे. पुढे ते उपयोगी पडणार आहे.

१९६५ साली आलेला पीडीपी-८ सुमारे १८,००० डॉलरला मिळे. आजच्या मानाने ही रक्कम मोठी वाटेल. परंतु त्या काळी विद्यापीठाच्या एका विभागाला किंवा एका प्रयोगशाळेला स्वतःचा संगणक घेता येणे, हीच नवी गोष्ट होती. याच वर्गाच्या यंत्रांना मिनिकॉम्प्युटर हे नाव रूढ झाले. १९७० साली डेकने १६ बिटांचा पीडीपी-११ आणला. या घराण्याच्या विविध प्रतिकृती पुढे वीस वर्षांहून अधिक काळ बनत राहिल्या आणि त्यांची एकूण विक्री सुमारे ६ लाखांवर गेली, असे मानले जाते. बेल लॅबोरेटरीजमधील केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली आणि सी ही संगणकभाषा याच यंत्रावर वाढवली. आज आपल्या खिशातील मोबाइलमध्ये जी प्रणाली चालते, तिच्या वैचारिक वंशावळीत पीडीपी-११ चे स्थान आजोबांचे आहे.

२. डेकसर्व्हर ५५० : बाहेरून

ऐंशीच्या दशकात मोठ्या संस्थांत एकेका संगणकाला अनेक टर्मिनले जोडलेली असत. टर्मिनल म्हणजे फक्त पडदा आणि कळफलक; विचार करणारे यंत्र दुसरीकडे. प्रत्येक टर्मिनलपासून संगणकापर्यंत स्वतंत्र वायर ओढणे गैरसोयीचे होते. म्हणून मध्ये एक पेटी ठेवून सर्व टर्मिनले तिला जोडायची आणि पेटीपासून संगणकापर्यंत इथरनेटची एकच वायर न्यायची, अशी युक्ती काढण्यात आली. या पेटीला टर्मिनल सर्व्हर म्हणतात. डेकसर्व्हर ५५० ही शंभराहून अधिक टर्मिनले सांभाळू शकणारी मोठी पेटी होती.

तिला स्वतःची डिस्क नव्हती. वीज दिली की ती स्वतःची तपासणी करी आणि मग इथरनेटवरून हाक देई : 'माझा प्रोग्राम कोणी पाठवील काय?' जाळ्यावरील एखादा मोठा संगणक तो प्रोग्राम पाठवी, तेव्हा कुठे ती कामाला लागे. असा संगणक जाळ्यावर नसेल तर ही पेटी हाक देत बसे, दुसरे काही करीत नसे. पुढे घराघरांत स्वतंत्र संगणक आले, टर्मिनले गेली आणि त्यांच्याबरोबर या पेट्याही निकालात निघाल्या.

३. डेकसर्व्हर ५५० : आतून

पेटी उघडली की आत कार्डे बसवण्याचा एक पिंजरा दिसतो. त्यातील खाचा ज्या समाईक वाहिनीने जोडलेल्या आहेत, तिला क्यू-बस म्हणतात. लहान पीडीपी-११ यंत्रांसाठी डेकने सत्तरच्या दशकात बनवलेली हीच ती वाहिनी. पहिल्या कार्डावर जे-११ नावाचा प्रोसेसर, १.५ मेगाबाइट स्मृती आणि दोन सिरिअल जोडण्या असतात. या कार्डाचे नाव केडीजे११-एसडी. आता डेकच्याच पीडीपी-११/५३ या मिनिकॉम्प्युटरचे कार्ड त्याच्या शेजारी ठेवावे. त्याचे नाव केडीजे११-डी. प्रोसेसर तोच, वाहिनी तीच, छापील वाटा त्याच.

मग फरक कशात? फरक आहे तो रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी पुसले न जाणारे मजकूर धरून ठेवणाऱ्या दोन लहान चिपांमध्ये. एका कार्डावरील रॉम यंत्राला सांगते, 'जाळ्यावरून प्रोग्राम माग.' दुसऱ्या कार्डावरील रॉम सांगते, 'स्वतःची तपासणी कर, डिस्क शोध आणि समोर बसलेल्या माणसाला विचार.' एवढ्या एका सूचनेवरून एक पेटी परावलंबी नोकर ठरली आणि दुसरी स्वतंत्र संगणक म्हणून विकली गेली.

कारखान्याच्या दृष्टीने यात नवल नाही. एकदा तपासून सिद्ध झालेले कार्ड दोन वेगळ्या मालांत वापरणे किफायतशीर असते. परंतु निकालात काढणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर तो चालता पीडीपी-११ वजनावर विकतो.

४. रूपांतराचे टप्पे

हे काम घाईने करण्याचे नाही. क्रम पुढीलप्रमाणे असावा.

पहिला टप्पा नोंदीचा. काहीही काढण्यापूर्वी प्रत्येक कार्डाचा क्रमांक, त्याची खाच, प्रत्येक वायरची दिशा आणि प्रत्येक जंपरची स्थिती लिहून घ्यावी, छायाचित्रे घ्यावीत. उत्खननात वस्तू ज्या थरात सापडली तो थर नोंदवल्याशिवाय ती हलवत नाहीत. येथेही तोच नियम.

दुसरा टप्पा विजेचा. तीस-पस्तीस वर्षे पडून राहिलेल्या पॉवर सप्लायमधील कपॅसिटर बिघडलेले असू शकतात. म्हणून कार्डे बाहेर काढून, योग्य तो भार जोडून, पॉवर सप्लाय एकटा तपासावा. मल्टिमीटरवर ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट स्थिर मिळाल्याशिवाय एकही कार्ड आत बसवू नये. पॉवर सप्लायच्या आतील भागाला हात लावण्याचे काम जाणकार माणसानेच करावे. वायर काढल्यानंतरही तेथे घातक दाब काही काळ टिकून राहतो. कार्डे हाताळताना मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधावा, कारण अंगावरील स्थिर वीज चिप मारू शकते.

तिसरा टप्पा कार्डांच्या क्रमाचा. क्यू-बसमध्ये 'आता तुझी पाळी' हा संकेत पहिल्या कार्डाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असा हातोहात पुढे जातो. मधली खाच रिकामी राहिली तर संकेत तेथेच थांबतो आणि त्यापुढची सर्व कार्डे मुकी होतात. म्हणून कार्डे सलग बसवावीत किंवा रिकाम्या खाचेत संकेत पुढे नेणारे छोटे जोडकार्ड घालावे. पाणी भरण्याच्या रांगेत मधला माणूस निघून गेला की बादली पुढे जात नाही, तसाच हा प्रकार.

चौथा टप्पा रॉमचा. मूळ चिपा काढून त्यांतील मजकुराची प्रत संगणकावर घ्यावी, मग त्या चिपा नाव घालून सुरक्षित ठेवाव्यात. त्या कधीही पुसू नयेत. ११/५३ च्या रॉमचा मजकूर अभ्यासकांनी जतन केलेला आहे. तो त्याच जातीच्या दुसऱ्या ईप्रॉम चिपांवर लिहावा. ईप्रॉमच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असते आणि तीतून अतिनील प्रकाश काही मिनिटे पाडला की जुना मजकूर पुसला जातो. म्हणूनच लेखनानंतर खिडकीवर कागद चिकटवतात. यंत्र १६ बिटांचे आणि चिप ८ बिटांची असल्याने मजकूर दोन चिपांत अर्धा-अर्धा वाटलेला असतो. चिपांची अदलाबदल झाली तर यंत्र काहीच बोलत नाही.

पाचवा टप्पा संवादाचा. कार्डाच्या पहिल्या सिरिअल जोडणीला टर्मिनल जोडावे. जुने टर्मिनल नसेल तर सिरिअल वायर लावलेला कोणताही साधा लॅपटॉप टर्मिनलचे काम करतो. सर्व जुळले असेल तर तपासणी चालू असल्याचा संदेश पडद्यावर उमटतो. इतकी वर्षे केवळ जाळ्याशी बोलणारे यंत्र आता समोरच्या माणसाशी बोलू लागते.

५. हाताने लिहिलेला पहिला प्रोग्राम

डिस्क नसतानाही हे यंत्र शिकवण्यास योग्य आहे. जे-११ च्या अंतरंगातच ओडीटी नावाची एक सोय कोरलेली आहे. यंत्र थांबवले की पडद्यावर @ हे चिन्ह येते. त्यापुढे स्मृतीतील जागेचा क्रमांक आणि तिरपी रेघ दिली की त्या जागेत काय आहे ते दिसते आणि तेथे नवी संख्या लिहिता येते. पुढील पाच संख्या लिहून पाहाव्यात :

जागा १००० : ०१२७००
जागा १००२ : ०००००५
जागा १००४ : ०६२७००
जागा १००६ : ०००००३
जागा १०१० : ००००००

पहिल्या दोन संख्यांचा अर्थ : आर-शून्य या कप्प्यात ५ ठेव. पुढील दोन : त्यात ३ मिळव. शेवटची : थांब. आता १००० या जागेपासून सुरू करण्याची आज्ञा द्यावी आणि यंत्र थांबल्यावर आर-शून्य उघडून पाहावा. तेथे ००००१० असे उत्तर दिसेल. विद्यार्थी म्हणतील, पाच आणि तीन दहा कसे? येथेच धडा आहे. पीडीपी-११ च्या पद्धतीत संख्या अष्टमान पद्धतीने लिहितात. तेथे ७ नंतर थेट १० येतो. त्या '१०' चा अर्थ आपले आठ. १००६ नंतरची जागा १०१० का, याचेही उत्तर हेच.

आजच्या संगणकावर बेरीज करताना बोट आणि उत्तर यांच्या मध्ये लक्षावधी ओळींचे प्रोग्राम उभे असतात. येथे मध्ये कोणी नाही. यंत्र काय करते आणि का करते हे पाच ओळींत संपूर्ण समजते, आणि 'मला समजत नाही, पण चालते' या वाक्याला जागा उरत नाही.

६. पूर्ण संगणकाकडे

पुढची गरज साठवणुकीची. त्या काळच्या डिस्क आज दुर्मिळ आणि नाजूक आहेत. म्हणून अनेक जण क्यू-बसवर बसणारे स्कझी नियंत्रक कार्ड वापरतात आणि त्याला मेमरी कार्डवर चालणारी आधुनिक डिस्क जोडतात. याहून स्वस्त मार्गही आहे. डेकची टीयू५८ नावाची छोटी टेप सिरिअल वायरीवरून चाले. तिची नक्कल करणारा प्रोग्राम साध्या संगणकावर चालवून तो दुसऱ्या सिरिअल जोडणीला लावला की पीडीपी-११ ला आपल्यासमोर टेपच आहे असे वाटते. अशा टेपेची क्षमता अवघी २५६ किलोबाइट. पण छोट्या कार्यप्रणालीला ती पुरते.

मोठी डिस्क मिळाली तर युनिक्स चालवता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्राने खास पीडीपी-११ साठी १९९१ साली २.११बीएसडी ही आवृत्ती काढली आणि तिच्यातील दुरुस्त्या पुढेही अनेक वर्षे होत राहिल्या. प्राचीन युनिक्सचा मूळ मजकूर एके काळी महागड्या परवान्यांच्या कुलपात होता. अभ्यासकांनी पाठपुरावा केला. १९९८ मध्ये अल्प शुल्कात वैयक्तिक परवाने मिळू लागले आणि २००२ च्या जानेवारीत कॅल्डेरा या कंपनीने तो मजकूर सर्वांसाठी खुला केला. ज्ञान कुलपात असले की यंत्र हाती असूनही उपयोग नाही, हे या लढ्याने दाखवून दिले.

आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. टर्मिनले जोडण्याची जी कार्डे डेकसर्व्हरबरोबर आली, ती फेकण्याची गरज नाही. त्यांतील काही प्रकार पीडीपी-११ च्या कार्यप्रणालींना ओळखता येतात. म्हणजे दुसऱ्याच्या दारापर्यंत माणसे पोहोचवणारी पेटी त्याच तारांवरून आता स्वतःच्या घरात अनेकांना एकाच वेळी बसवू शकते.

७. मूळ यंत्र बदलावे काय?

येथे इतिहासाच्या अभ्यासकाचा एक गंभीर आक्षेप उभा राहतो. टर्मिनल सर्व्हर हासुद्धा इतिहासाचा पुरावा आहे. सर्वच डेकसर्व्हर पीडीपी-११ झाले, तर माणसे एके काळी एका दूरच्या यंत्राशी कशी जोडली जात, हे दाखवणारे साधन उरणार नाही. कीर्तिमान वस्तू जपायची आणि सेवेकरी वस्तू मोडायची, हा संग्रहालयांचा जुना दोष आहे. राजाची तलवार काचेच्या पेटीत दिसते. ती घडवणाऱ्याची भट्टी दिसत नाही.

या आक्षेपाचे उत्तर असे : रूपांतर उलटवता येईल असेच करावे. मूळ रॉम जपली, नोंदी केल्या, काहीही कापले किंवा जाळले नाही, तर दोन चिपा बदलून पेटी पुन्हा पूर्ववत होते. पेटीवरील मूळ नाव काढून तेथे दुसरे नाव लावू नये. जवळ एक कागद ठेवावा : हे यंत्र मुळात काय होते, कोणी, केव्हा, काय बदलले. जो बदल लपवला जातो तो खोटा पुरावा ठरतो. नोंदवलेला बदल हा यंत्राच्या चरित्रातील पुढचे पान असतो.

दुसरा प्रश्न असा की सिमएच यांसारखे प्रोग्राम कोणत्याही संगणकावर पीडीपी-११ ची हुबेहूब नक्कल करतात, मग लोखंडाची काय गरज? नक्कल विनामूल्य आहे आणि आपल्या विद्यार्थ्यांनी तेथूनच सुरुवात करावी. वरील पाच संख्यांचा प्रयोगही तिच्यावर करता येतो. परंतु नक्कल बरोबर आहे की नाही, हे ठरवायला शेवटी अस्सल यंत्रच लागते. शिलालेखाचा ठसा अभ्यासाला पुरतो. ठशावर शंका आली की शिळेकडेच जावे लागते.

८. आपल्याशी असलेला संबंध

ही कथा परदेशातील असली तरी तिचे धागे आपल्यापर्यंत येतात. हैदराबादच्या ईसीआयएलने सत्तरच्या दशकात टीडीसी-३१६ हा १६ बिटांचा भारतीय संगणक बनवला. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून काढता पाय घेतला आणि त्याच सुमारास सरकारने खासगी कंपन्यांना मिनिकॉम्प्युटर बनवण्याची मुभा दिली. आपल्याकडील संगणक उद्योगाची पायाभरणी त्या काळातली. त्या पिढीची किती यंत्रे आज आपल्याला चालू स्थितीत दाखवता येतील, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

कारण जुन्या यंत्रांचा शेवट कोठे होतो हे आपण जाणतो. कार्डांच्या कडांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. तो काढण्यासाठी दिल्लीतील सीलमपूरसारख्या वस्त्यांत माणसे उघड्यावर तारा जाळतात, आम्लात हात घालतात. ई-कचऱ्याबाबत २०११ पासून देशात नियम झाले, ते २०१६ आणि २०२२ मध्ये नव्याने आले. तरीही सर्वांत धोक्याचे काम सर्वांत गरीब हातांकडेच जाते. एखादे यंत्र पुन्हा चालू झाल्याने हा प्रश्न सुटत नाही. पण जे यंत्र मोडण्यापूर्वी कोणीतरी उघडून, वाचून पाहिले, त्यातील उपयोगी भाग विषारी धुरात जात नाहीत, एवढे निश्चित.

आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज पुणे, मुंबई, बंगळुरू आणि परदेशांतही संगणकाच्या क्षेत्रात काम करतात. त्यांच्या कार्यालयांत दर काही वर्षांनी सर्व्हर निर्लेखित होतात. त्यांना एक विनंती आहे. यादीवर सही करण्यापूर्वी पेटीचे झाकण एकदा उघडावे, कार्डाचा क्रमांक पाहावा, त्याची मार्गदर्शिका आणि रॉमची प्रत जपून ठेवावी, आणि संस्थेच्या नियमांत बसत असेल तर ती वस्तू शिकणाऱ्या हातांपर्यंत पोहोचवावी. मार्गदर्शिकेविना यंत्र म्हणजे लिपी न कळलेला लेख. डेकसर्व्हर पुन्हा बोलू शकला, कारण त्याचे कागद कोणीतरी टाकले नव्हते.

स्वाध्याय

१. डेकसर्व्हर ५५० आणि पीडीपी-११/५३ यांच्यातील साम्य व भेद तीन-तीन मुद्द्यांत लिहा.
२. वरील प्रोग्राममध्ये ३ ऐवजी ४ लिहिल्यास आर-शून्यात कोणती संख्या दिसेल? कारण द्या.
३. क्यू-बसमधील एक खाच रिकामी राहिल्यास पुढची कार्डे का चालत नाहीत?
४. 'रूपांतर उलटवता येईल असेच करावे' या नियमाचा उपयोग जुनी इमारत, जुने हस्तलिखित किंवा जुने छायाचित्र जपताना कसा होईल?
५. आपल्या घरातील अथवा शाळेतील एक निर्लेखित वस्तू निवडा. मोडतोड न करता तिच्यावरील क्रमांक, बनवणाऱ्याचे नाव आणि वर्ष शोधा, आणि तिचे एक पानाचे चरित्र लिहा.